तोफेला न दिसलेला डोंगर

गावात मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. निवृत्त झालो मी हवालदार म्हणून. पण आमच्या लोणीत काय आणि सगळ्या आंबेगाव-जुन्नरात काय, फौजेची पेन्शन खाणारा प्रत्येक जण मेजरच असतो. लंगरात आयुष्यभर रोट्या भाजलेलासुद्धा. आधी मी लोकांची चूक दुरुस्त करायचो. आता फुकटचं प्रमोशन कशाला नाकारा, म्हणून गप्प बसतो.

माझी दुसरी ओळख चित्रकाराची. डोंगर, घाट, नदीकाठ, रानं अशी चित्रं मी काढतो आणि ती विकलीही जातात, यावर माझ्या सासुरवाडीचा अजून विश्वास बसलेला नाही. गिऱ्हाइकं एकेक नामी भेटतात. नारायणगावचा एक टोमॅटोचा व्यापारी आला. त्याला शिवनेरी हवा होता आणि शिवनेरीपुढे त्याचा नवा बंगला, दोन्ही सारख्याच उंचीचे. मी म्हटलं, “शेठ, किल्ला जरा उंच आहे हो.” तो म्हणाला, “मग बंगला जवळ घ्या की राव! जवळचं मोठं दिसतंच ना?” कलेच्या शाळेत जे शिकायला वर्ष जातं, ते त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. दिला काढून. आता त्याच्या दिवाणखान्यात बंगल्याच्या गच्चीमागून किल्ला डोकावतो.

लोक विचारतात, मेजर, बंदूक आणि ब्रश एका हातात कसे बसवलेत? त्यांना वाटतं मी दिवसा लढायचो आणि फावल्या वेळात फुलं रंगवायचो. छे हो! मला चित्र काढायला फौजेनंच शिकवलं, आणि तेही तोफखान्यानं. हे सांगितलं की समोरचा हसतो. म्हणून आज नीट सांगतो.

तोफ म्हटलं की आपल्याला किल्ल्यावरची आठवते; समोर नेम धरला, बत्ती दिली, संपलं. आजची तोफ डोंगराच्या अलीकडे खाली दडवलेली असते आणि गोळा डोंगर ओलांडून पलीकडे पडतो. तोफेवरच्या जवानाला पुढ्यातला उतार दिसतो, बाकी काही नाही. गोळा कुठे टाकायचा आणि तो कुठे पडला हे बघायला तीन-चार माणसं पार पुढे, उंचावर, शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात दगडाआड बसलेली असतात. त्या जागेला ओपी म्हणतात. मी ओपीवरचा माणूस. आम्ही बघायचं, वायरलेसवर सांगायचं. खाली त्याचे आकडे होतात, आणि तोफेवरचे लोक ते आकडे लावून गोळा सोडतात. म्हणजे बघणारे मारत नाहीत आणि मारणारे बघत नाहीत.

ओपीवर पोचलं की पहिलं काम असतं समोरच्या मुलखाचं चित्र काढायचं. पॅनोरमा म्हणतात त्याला. आधी आकाशाला टेकलेली कडा, मग त्याच्या अलीकडच्या धारा, घळी, ठळक दगड, झाडं. प्रत्येक खुणेला नाव द्यायचं. पुढे कोणी म्हणालं, “अमक्या दगडाच्या उजवीकडे हालचाल,” तर सगळ्यांच्या नजरा एका जागी गेल्या पाहिजेत. या चित्रात सौंदर्याला बंदी! ढग काढायचे नाहीत, सावल्या द्यायच्या नाहीत. झाडं फक्त तीन जातींची, डेरेदार, सुईसारख्या पानांचं उंच चीड आणि खजूर. बाकीच्या झाडांनी फौजेत भरती व्हायचं नाही. आणि उंची मुद्दाम वाढवून काढायची, म्हणजे बारकावे कळतात. माझ्या पहिल्या पॅनोरमात मी उन्हाची तिरीप आणि एक सुरेख पांढरा ढग काढला होता. कॅप्टनसाहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “जवान, यह बादल कल भी यहीं रहेगा?” त्यानंतर मी नोकरीत कधी ढग काढला नाही. निवृत्तीनंतर मात्र इतके काढले की विचारू नका.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका उन्हाळ्यात आम्ही उत्तरेच्या उंच डोंगरांत लढाईवर होतो. माझ्यासमोर जो डोंगर होता तो हुबेहूब बसलेल्या बैलासारखा. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींचं वेड काय आहे, ते इथं वाढलेल्याला सांगायला नको. मी त्या डोंगराचं नाव ‘बैल’ ठेवलं आणि मग पुढची नावं आपोआप सुचली. दोन सुळके म्हणजे शिंगं. मागचा उंचवटा वशिंड. उतरता भाग पुठ्ठा, आणि लांब सोंड होती ती शेपूट. साहेब हसले, पण नावं छोटी आणि चटकन कळणारी होती, म्हणून पास झाली. मग काय मजा! पंजाबचा वायरलेसवाला दिवसभर ‘वशींड, वशींड’ करायचा आणि केरळचा जवान त्याला ‘वासिंडा’ म्हणायचा. तोफांच्या त्या माऱ्यातसुद्धा मला हसू यायचं.

खाली तीन नंबरच्या तोफेवर बबनभाऊ होते. खोडदचे, माझ्याहून वयानं मोठे, तोफेच्या दुर्बिणीवर आकडे लावणारे. वायरलेस सेटवरचे शब्द तोफांपर्यंत झिरपत जात. ‘वशिंड’ ऐकल्याबरोबर हा माणूस ओरडला होता म्हणे, “अरं, वर आपल्याकडचा कुणीतरी बसलाय!” अशी आमची ओळख झाली, वायरलेसवरून.

एक गोष्ट मला तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं माहीत नव्हती. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. एके सकाळी तीन नंबरच्या तोफेनं एक गोळा सोडला आणि लगेच वरून ‘रुको’ आलं. तोफ थांबली. तोफांवरचे साहेब धावत आले आणि बबनभाऊंनी लावलेले आकडे बघितले. त्या दिवसापुरतं बबनभाऊंना दुर्बिणीवरून उठवून गोळे वाहायला लावलं. संध्याकाळी बातमी आली की त्या बाजूनं चढणाऱ्या आपल्या पायदळाची माणसं गेली. बबनभाऊंनी दोन्हीची गाठ मारली. आपला गोळा आपल्याच पोरांवर पडला! साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, “भूल जाओ.” फौजेत ‘भूल जाओ’ ऐकलेला माणूस काय विसरणार? ही गाठ घेऊन ते गावी आले. शाळेत पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार असला की बबनभाऊ हमखास रानात पाणी धरायला जायचे. लोक म्हणायचे, माणूस मानाचा भुकेला नाही. मीही तसंच समजत होतो.

मागच्या वर्षी त्यांच्या घरून, सुमनवहिनींचा, फोन आला. “भावजी, यांच्या डोळ्याचं लई वाईट झालंय. काचबिंदू म्हणत्यात. दोन्ही बाजूंचं दिसायचं गेलंय, नळीतनं बघितल्यागत मधलं तेवढंच दिसतंय. डॉक्टर म्हणला, उरलंय ते किती दिस टिकंल सांगता येत न्हाई. आन् हे एकच धरून बसलेत, किसनला बोलवा.”

किसन म्हणजे मी. गेलो. खोडदला त्यांच्या अंगणातून त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. बबनभाऊ खुर्चीत बसून मान हलवत एक तबकडी शोधत होते. ती आज कुठल्या दिशेला वळलीय हे रोज सकाळी ओळखायचं आणि वहिनींकडून तपासून घ्यायचं, अशी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा लावली होती. माझा आवाज ऐकून म्हणाले, “ये. बस. किसन, तो बैल मला दाव.”

“कोणता बैल?”

“आपला. डोंगराचा. अरं, तू त्यो नुसता बघितलास आन् मी नुसता मारला. एवढे गोळे टाकले, पर कुठं टाकले ते म्हायती न्हाई. डोळं जायच्या आदी एकदा बघू दे. तू चित्रं काढतोस ना?”

मी चहा पूर्ण न पिताच उठलो. खरं सांगतो, इतका आनंद मला कुठल्या ऑर्डरीचा झाला नव्हता! घाईही तितकीच होती. लोणीला येईपर्यंत मोटरसायकलवरच माझं अर्धं चित्र काढून झालं होतं. मूळ पॅनोरमा माझ्याकडे नव्हता, तो आमच्यानंतर आलेल्या तुकडीच्या हवाली करावा लागतो. पण जो डोंगर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, आठवडेच्या आठवडे, जीव मुठीत धरून बघितला, तो कागदावर थोडाच असतो? डोळे मिटले की बैल समोर बसायचा. मोठा कॅनव्हास घेतला. माणसाला शेवटचं बघायचंय, मग हातचं कशाला राखायचं?

पहिल्या दणक्यात डोंगर उभा केला आणि बायकोला, आमच्या लताला, बोलावलं. तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं. “हा डोंगर हाय का देवळाचा कळस?” मी चिडलो, मग बघितलं आणि कपाळावर हात मारला. सवयीनं मी उंची फौजेच्या नियमानं वाढवून काढली होती! शिवाय वर पेन्सिलीनं ‘वशिंड’, ‘पुठ्ठा’ अशी नावंही लिहून ठेवली होती. सगळं पुसलं. पुन्हा सुरुवात. या वेळी डोंगर खऱ्या उंचीचा झाला. मग ज्याला बंदी होती ते सगळं मी दिलं: सकाळचं तांबूस ऊन, निळ्या सावल्या, शिंगांमागचा ढग. खडकांचा तो भाजलेल्या भाकरीसारखा रंग आठवायला मला फार कष्ट पडले नाहीत. वशिंडाखालून एक घळ उतरत होती, त्या उन्हाळ्यातही बर्फानं भरलेली. ती पांढरीशुभ्र काढली आणि तिच्या मधोमध होता तो काळा डाग, तोही काढला.

चौकट करायला जुन्नरला रशीदभाईंकडे गेलो. यांचे पूर्वज जुन्नरी कागद करायचे. हे चौकटी करतात. चित्राच्या बाबतीत माणूस फार चोखंदळ. त्यांनी कॅनव्हास भिंतीला टेकवला, मागे सरकले, पुढे आले.

“मेजर, आजपतूरचं सगळ्यात भारी काम हाय हे. पर ह्यो डाग कसला? एवढं पांढरं बर्फ आन् मदीच काळं. बघणाऱ्याला वाटंल, शाई सांडली.”

“गोळा पडला होता तिथं.”

“आसंल. पर चित्रात कशापायी? दोन मिनिटांचं काम, पांढरा रंग मारून टाका. हितंच भाईर कट्ट्यावर बसून करा.”

रशीदभाई बरोबर बोलत होते. चित्रकार म्हणून मलाही तो डाग खुपत होताच. नजर सगळा डोंगर सोडून तिथंच जात होती. रंगाची पेटी गाडीला होती. मी बाहेर बसलो, पांढरा कालवला, त्यात किंचित निळा टाकला, ब्रश भरून घेतला. आणि ओपीवाल्याचा हात काही केल्या पुढे होईना! तिथं जे आहे ते काढायचं, नाही ते काढायचं नाही. वीस वर्षं हेच केलेलं. ढग माझ्या हौसेचा होता, डाग डोंगराचा होता. मी ब्रश धुऊन टाकला. रशीदभाई म्हणाले, “तुमची मर्जी,” आणि मोजमापाला लागले. त्या क्षणी मी काय पुसणार होतो, हे मला खोडदला गेल्यावर कळलं.

चौकट हाती पडताच टोमॅटोच्या रिकाम्या पिकअपमध्ये चित्र उभं केलं, मागे स्वतः धरून बसलो आणि खोडद गाठलं. आभाळाचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. अंगणात खाटेवर चित्र उभं केलं, बबनभाऊंना समोर बसवलं. वहिनी पदरानं हात पुसत आल्या.

“दिसला बैल?”

बबनभाऊंनी मान इकडून तिकडे फिरवली. मग हळूच म्हणाले, “किसन, मला नुसतं निळं दिसतंय.”

मला वाटलं, उशीर झाला! मग लक्षात आलं: दृष्टी आहे, पण नळीएवढी, आणि मी हौसेनं चित्र काढलं दरवाजाएवढं. चित्र लांब गोठ्यापाशी नेलं, तर ते म्हणाले, “आता काडेपेटीवाणी दिसतंय. मदलं काय कळंना.” पुन्हा जवळ आणलं. वहिनींचे डोळे भरून आले. “राहू द्या भावजी,” त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात मला सुचलं. अहो, ओपीवरून दुर्बिणीतून तरी मला काय सगळा डोंगर एकदम दिसत होता? एवढासाच तुकडा दिसायचा. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि पोटातून आवाज काढला, “तीन नंबर! सामने देख!”

खुर्चीतला माणूस ताठ झाला. “जी!”

फौजेत नवी जागा दाखवायची रीत ठरलेली आहे. ओळखीच्या खुणेवर घड्याळ ठेवलंय असं समजायचं आणि पुढची जागा किती वाजण्याच्या दिशेला आहे ते सांगायचं. सापडली की जवानानं म्हणायचं, ‘देखा’.

“निळ्या आभाळातून सरळ खाली. दोन सुळके. शिंगं.”

मान हळूहळू खाली आली, थांबली. “...देखा! आयला, किसन, शिंगं हायेत की!”

“शिंगांपासून, तीन वाजता, मोठा उंचवटा. वशिंड.”

“देखा! देखा! आगं सुमे, वशिंड बघ कसं हाय, आपल्या सर्जाचं व्हतं तसं!”

वहिनी हसायला लागल्या. शेजारच्या बांधावरून दोघं-तिघं येऊन उभे राहिले. मी ओरडत होतो, ते ओरडत होते. पुठ्ठा देखा, शेपूट देखा, शत्रूचे मोर्चे होते ती काळी कपार देखा. म्हातारा खुर्चीतून अर्धा उठून त्या नळीतून अख्खा बैल डोक्यात जुळवत होता. माझा घसा बसला तरी थांबावंसं वाटेना.

“वशिंडापासून सहा वाजता. बर्फाची घळ.”

“देखा.” मग ते थांबले. “किसन, ह्या बर्फात काळं काय हाय?”

“ती तीट.”

“तीट? ती ‘तीट’ ही व्हय? रोज यायचं की सेटवर. ‘तीटच्या उजवीकडं’, ‘तीटच्या वर’. आमाला वाटायचं दगड आसंल.”

“दगड नाही. गोळा पडला होता तिथं. तुमच्याच तोफेचा. एका सकाळी तुम्ही पहिला टाकला तो वाऱ्यानं डावीकडे गेला, साहेबांनी ‘रुको’ केलं...”

बबनभाऊ खुर्चीत बसले. त्यांचा हात माझं मनगट शोधत आला आणि घट्ट धरला. “कुनाला लागला?”

“कोणाला लागणार? घळीत माणूस कुठं होता? आपली पोरं शेपटीकडून चढणार होती, ती निघायचीच होती. साहेबांनी खात्री करायला थांबवलं होतं.”

“माणसं गेली त्या दिशी.”

“गेली. वरून, त्या कपारीतल्या मशीनगननं. दुपारी. मी बघितलं.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोस.”

“तुम्ही विचाराल हे मला माहीत तरी होतं का? चित्र तर आधीच काढून आणलंय. बघा ना, बर्फावर एकच डाग आहे, भोवती सगळं पांढरं. आणि ऐका, तो डाग इतका ठळक दिसायचा की साहेब म्हणाले, ‘यही अपना निशान।’ बाळाच्या गालाला लावतात तशी दिसत होती, म्हणून मी नाव दिलं तीट. त्यानंतर ती कपार फुटेपर्यंत जे गोळे लावले, ते सगळे तुमच्या त्या गोळ्यावरून मोजून लावले.”

त्यांनी पुन्हा मान पुढे केली. नाक कॅनव्हासला टेकेल इतकी. किती तरी वेळ ते त्या घळीतून वरखाली बघत राहिले, एखादा आडवा पडलेला माणूस सापडतो का ते. मग म्हणाले, “देखा.” आणि मोठ्यांदा रडले. वहिनी धावल्या, त्यांना वाटलं डोळ्यांत काही गेलं. “आगं, ह्यो माझा गोळा! कुणालाबी लागला न्हाई! बघ, जवळ येऊन बघ!” बांधावरच्या लोकांनाही त्यांनी एकेकाला ओढून तो डाग दाखवला. त्या बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही, पण सगळे हसत होते आणि मीही हसत रडत होतो. इतकी वर्षं यात्रेत, लग्नात, पेन्शनच्या रांगेत आम्ही भेटत होतो आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होतो. माझ्यासाठी तो एक वाकडा गेलेला गोळा होता, रोज दोन-चार जायचे तसला. मी कधी बोललो नाही याची हळहळ मात्र जात नाही.

आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. यंदा पंधरा ऑगस्टला शाळेत गेले होते, सुमनवहिनींचा हात धरून, पदकं लावून. चित्र त्यांच्या पडवीत आहे. रशीदभाईंनी वर काच बसवू का विचारलं, तर बबनभाऊंनी साफ नाही म्हटलं. घरी कोणीही आलं, पाहुणे असोत की गॅसची टाकी आणणारा, की ते भिंतीशी उभे राहतात, बोट शिंगांवर ठेवतात, वशिंडावर आणतात, खाली घळीत उतरतात आणि नेमके काळ्या डागावर थांबून म्हणतात, “ह्यो माझा.” रोज बोट लागून लागून तो डाग झिजत जातो, पांढरा पडायला लागतो. वहिनींचा फोन येतो, “भावजी, तीट पुसत आली.” मग मी रंगाची पेटी गाडीला अडकवतो आणि खोडदला जाऊन ती परत काळी करून येतो.